दोनशे हात

१

कोजागरी झाली की ताराचंद निनावे दर शनिवारी दुपारच्या एस.टी.ने नागपूरहून खाप्याला जात असे. नंदनवनातल्या भाड्याच्या खोलीला कुलूप घालायचे, पिशवीत वही आणि कपड्यांची एक जोडी टाकायची, विद्यापीठातल्या विभागातून सही करून आणलेली दुर्बीण गळ्यात अडकवायची आणि कन्हान नदीवरून येणारा गार वारा अंगावर घेत संध्याकाळी मामांच्या दाराशी पोहोचायचे, असा हा क्रम होता. खोली आणि दुर्बीण अलीकडची. बाकीचे सारे तो आठवीत असल्यापासून चालत आलेले.

गल्लीच्या तोंडाशीच मागाचा आवाज कानी पडे. जागेश्वरमामा दिवेलागणीपर्यंत विणत बसत. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून उजव्या पायाने पावडी दाबण्याची पस्तीस वर्षांची सवय त्यांच्या चालण्यातही उतरली होती. रस्त्याने जातानादेखील उजवे पाऊल ते आधी टेकवीत आणि मग दाबीत. लहानपणी ताराचंद त्यांच्या मागून तसाच दाबत चाले, आणि वच्छलामामी ओट्यावरून म्हणे की एक कोष्टी घरात कमी होता म्हणून दुसरा तयार होऊन राहिला.

रविवारी उजाडण्याआधी दोघे निघत. गावापासून दोन कोसांवर मालगुजारीच्या काळातला एक जुना तलाव होता, त्याला सगळे नुसते मोठा तलाव म्हणत. पावसाळा सरला की त्याच्या काठावरचे पाणी मागे हटे आणि कोवळे गवत उघडे पडे. त्या गवतासाठी उत्तरेकडून पक्षी येत. आधी धोबी आणि तुतवार, मग तलवार बदके, आणि सर्वांत शेवटी, थंडी पडू लागल्यावर, पट्टकादंब. मामा त्यांना राजहंसच म्हणत. त्यांच्या पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे मामांनी त्याला प्रथम दाखविले, तेव्हा पुस्तक नव्हते, दुर्बीण नव्हती. पांढऱ्या ताण्यात कोणी दोन काळे धागे टाकावेत तसे ते पट्टे आहेत, असे मामा म्हणाले होते. पुढे ताराचंदने अनेक ग्रंथांतली वर्णने वाचली. इतके नेमके त्याला कुठे आढळले नाही.

२

सन १९७४च्या त्या हंगामात ताराचंद एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता आणि त्याच्या प्रबंधिकेचा विषय ठरला होता: माणूस किती जवळ आला म्हणजे पक्षी उडतो. पद्धत साधी होती. मामांनी गवतातल्या थव्याच्या दिशेने संथ, सरळ चालत जायचे. ताराचंदने पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून दुर्बिणीतून पाहायचे. पक्षी उडाले की मामांनी जागच्या जागी थांबायचे, आणि मग त्यांच्या पायांपासून थव्याच्या जागेपर्यंत दोरीने मोजायचे. दोरी मामांनीच वळली होती. हातागणिक तिला तांबड्या सुताची गाठ होती, आणि ताराचंद रात्री हातांचे मीटर करून वहीत लिहीत असे.

पट्टकादंब फार सावध. मामांना ते दोनशे हातांच्या आत येऊ देत नसत. कधी एकशे अठ्ठ्याण्णव, कधी दोनशे चार. पडताळा म्हणून ताराचंद स्वतःही चालून पाही. त्याला पाहून ते दोनशे दहाच्या सुमारास उठत. माणसागणिक हे अंतर थोडे वेगळे पडते, म्हणून चालणारा माणूस मुळीच बदलायचा नाही, अशी त्याच्या मार्गदर्शकांची ताकीद होती.

मामांना या आकड्याचा अभिमान वाटू लागला होता. "हिमालयावरून आलेले पाखरं मले दोनशे हात मान देतेत," ते मामीला म्हणत, "आन् तू घरात दोन हात बी नाही देत." त्यावर मामी म्हणे की पाखरांना अजून तुमचा स्वभाव समजला नाही, समजला की तेही अंगावर येतील.

३

तीन नोव्हेंबरच्या रविवारी अंतर दोनशे एक हात भरले. दहा तारखेला एकशे अठ्ठावन्न.

ताराचंदने दोनदा मोजले. मग त्याने विचार केला. पक्षी माणसाला सरावतात, हे नोंदलेले आहे. तेच कपडे, तीच चाल, तोच माणूस वारंवार दिसला आणि त्याच्यापासून अपाय झाला नाही, तर अंतर घटते. परंतु सराव व्हायचा तर तो दोघांचाही व्हायला हवा होता. त्याने लगेच चालून पाहिले, आणि थवा दोनशे नऊ हातांवर उठला.

सतरा तारखेला मामांचे अंतर एकशे चार हात होते, ताराचंदचे दोनशे अकरा.

त्या दिवशी उन्हे वर आल्यावर दोघे पाळीवर न्याहारी करत बसले होते. बोलता बोलता ताराचंदचे लक्ष पलीकडच्या काठाकडे गेले. तिकडे गवत अधिक दाट होते आणि पक्षीही अधिक होते, परंतु मधला एक भाग मोकळा होता. काठावर पक्षी नाहीत, समोरच्या पाण्यातही नाहीत. भोवताली शेकडो बदके, आणि त्यांच्या मधोमध खिडकीएवढा नव्हे, शेताएवढा रिकामा गोल, ज्याचा अर्धा भाग जमिनीवर आणि अर्धा पाण्यावर होता. तलावात माणूस उतरला म्हणजे पडतो तसाच. मात्र तिथे माणूस नव्हता.

दुर्बिणीतून त्याने फार वेळ पाहिले. कुत्रा नव्हता, कोल्हा नव्हता, ससाण्याची सावली नव्हती. रिकाम्या गोलाच्या कडेला चरणारा एक पट्टकादंब मान उंच करून आत पाहत होता. पहाऱ्यावरचा पक्षी माणसाकडे ज्या रीतीने पाहतो, ती रीत ताराचंद दहा वर्षे ओळखत होता.

"काय दिसून राहिलं गा?" मामांनी विचारले.

काही नाही, असे तो म्हणाला. ते खरेच होते.

४

पुढच्या रविवारी तो एकटा पलीकडे गेला. मामांना त्याने सांगितले की तिकडचे गवत कोणत्या जातीचे आहे ते पाहायचे आहे.

पलीकडे जाईपर्यंत पक्षी आपल्याला पाहून उठणार हे त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने निघण्यापूर्वी पाळीवरूनच खुणा धरून ठेवल्या. रिकाम्या भागाच्या एका कडेचा शेवटचा पक्षी एका पांढऱ्या धोंड्याशी होता, आणि दुसऱ्या कडेचा पहिला पक्षी तोडलेल्या पळसाच्या बुंध्यापाशी. तिथे पोहोचल्यावर धोंड्यापासून बुंध्यापर्यंत त्याने दोरी टाकली. चारशे दोन हात. मध्य काढला तर दोन्हीकडे दोनशे एक.

त्या मध्यावर तो उभा राहिला. जागेत काहीच विशेष नव्हते. गवत इतरत्र होते तसेच, थोडे ओले. चिखलाचा आणि शेवाळाचा वास, लहानपणापासून ओळखीचा. समोर पाण्यापलीकडे मामा पाळीवर बसलेले दिसत होते, पांढरी टोपी, गुडघ्याभोवती हात. इथून ते फार लहान दिसत होते. आणि एकाएकी त्याला अशी दाट जाणीव झाली की मामांना इथून असे पाहणारा आपण पहिला नाही. त्याने ती जाणीव वहीत लिहिली नाही, कारण ती निरीक्षण नव्हती.

परतल्यावर मामा चालले. थवा सत्तेचाळीस हातांवर उठला, आणि उठला तोही उशिरा, सावकाश, वाऱ्याने हलल्यासारखा.

मामा परत आले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी सांगितले की इतक्या जवळून त्यांनी राजहंसांच्या पायांचा रंग प्रथमच पाहिला. इतकी वर्षे तो करडा असेल असे वाटत होते, तर तो हळदीसारखा निघाला. ते बोलतच राहिले. बाप गेल्यावर बाराव्या वर्षी मागावर बसावे लागले, तेव्हा पहिल्या हिवाळ्यात ते रडायला या तलावावर येत, आणि तेव्हापासून त्यांना एकदा तरी या पक्ष्यांच्या मधोमध जाऊन बसायचे होते, हेही त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले.

५

त्या संध्याकाळची एस.टी. ताराचंदने मुद्दाम सोडली. मामा मागावर बसले होते. चुलीशी मामी भाकरी थापत होती, आणि तिने न विचारता बोलायला सुरुवात केली. मामांना काही झालेले नव्हते. जेवण बरे होते, झोप बरी होती, मागावरचे पातळही वेळेवर उतरले होते. तरी तिला चैन नव्हते. मागाच्या वरच्या वाशात चिमण्यांचे घरटे होते. मामा खड्ड्यात उतरले की चिमण्या भुर्रकन बाहेर जायच्या, हे तिने लग्न होऊन आल्यापासून पाहिले होते.

"आता जातच नाहीत गा बापू," ती म्हणाली. "हे बसतेत, ठोकतेत, खोकलतेत. त्या आपल्या वर बसून. मी नुसती दारात आली तं उडून जातेत."

ताराचंदने तिला सरावाचा सिद्धान्त समजावून सांगितला. सांगताना त्याला स्वतःचा आवाज वर्गात ऐकलेल्या आवाजासारखा वाटला. मामीने ऐकून घेतले आणि भाकर उलटली.

रात्री त्याने सारे आकडे समोर मांडले. दोनशे एक, एकशे अठ्ठावन्न, एकशे चार, सत्तेचाळीस. पुढचा आकडा कोणता असेल हे सांगायला गणित लागत नव्हते. पक्ष्यांच्या लेखी मामा दर आठवड्याला कमी होत होते. आणि पलीकडच्या काठावर पक्षी ज्याला मान देत होते त्याचा मान अगदी मामांएवढा होता. यातून काय निष्पन्न होते ते लिहिण्याचे धाडस त्याला झाले नाही. इतके मात्र उघड होते की आकडा शून्यावर जाऊ द्यायचा की नाही, हे त्याच्या हातात होते. पुढच्या रविवारी येऊ नका, एवढेच म्हणायचे होते. उलट मार्गदर्शकांना नोव्हेंबरपासूनचे पाच रविवार हवे होते, चार झाले होते, आणि भीती हे काही कारण म्हणून देता येत नाही.

शेवटी त्याने मामांनाच सांगून टाकले, की काम पुरे झाले, आता चालण्याची गरज नाही. मामा हसले.

"तुह्या वहीसाठी नाही जात आता मी," ते म्हणाले. "मले जाऊ दे ना गा, भाच्या. एकडाव."

तो नाही म्हणू शकला नाही. त्यांनीच तर त्याला पाहायला शिकविले होते.

६

एक डिसेंबर. धुके वितळले होते आणि ऊन गवतावर आले होते. साठएक पट्टकादंब चरत होते. मामांनी चपला पाळीवर काढल्या आणि देवळात शिरावे तसे अनवाणी गवतात उतरले.

शंभर हातांवर कोणी मान वर केली नाही. पन्नासवर नाही. दहावर नाही. पहाऱ्याचा पक्षी मान उंच करून उभा होता, पण तो पाहत होता पाळीवर बसलेल्या ताराचंदकडे, तीनशे हातांवर. मामा त्याच्या पुढून गेले तेव्हा त्याने नजरदेखील हलविली नाही.

मामा थव्याच्या मधोमध खाली बसले. एक पट्टकादंब चरत चरत त्यांच्या गुडघ्याला लागून गवत उपटू लागला. दुसरा सरळ आला आणि वाटेत धोंडा असावा तसा त्यांच्या मांडीवर पाय देऊन पलीकडे उतरला. मामांनी मान वळवून ताराचंदकडे पाहिले. दुर्बिणीत त्यांचा चेहरा अगदी जवळ आला होता. इतका आनंद ताराचंदने कोणाच्या चेहऱ्यावर त्यापूर्वी पाहिला नव्हता, आणि त्याला क्षणभर आपल्या भीतीची लाज वाटली.

तेवढ्यात पलीकडून पाण्याचा आवाज आला. बदके बाजूला सरकत होती. उडत नव्हती, नुसती वाट देत होती. दोन आठवडे एका जागी असलेला तो रिकामा गोल हलला होता. काठाकाठाने, तलावाला वळसा घालत, तो इकडे येत होता. पुढचे पक्षी दूर होत, मागचे पुन्हा मिटत.

ताराचंदने दुर्बीण गोलाच्या मध्यावर धरली. तिथे कोणी नव्हते. फक्त काठावरचे पाणगवत एकेक जागी दबत होते आणि पुन्हा उठत होते. एकदा हलके. एकदा आधी टेकून, मग दाबून. पुन्हा हलके. पुन्हा दाबून.

चाल माणसाची होती, घाई नसलेली. दिवसभराच्या श्रमानंतर घराकडे वळलेल्या माणसाची असते तशी. हे त्याला नंतर सुचले. त्या क्षणी मात्र एवढेच दिसले की मामा बेसावध बसले आहेत आणि त्यांच्याकडे काहीतरी येते आहे. दहा वर्षांत पक्ष्यांसमोर त्याने कधी आवाज चढविला नव्हता. तो उभा राहिला आणि जिवाच्या आकांताने मामांना हाक मारली.

सारा तलाव उठला. पट्टकादंब, तलवार बदके, काठावरचे तुतवार, सगळे एकदम. आभाळ पंखांनी भरले, मग रिते झाले. खाली नुसते पाणी उरले, आरशासारखे, काठापासून काठापर्यंत मोकळे. तो गोल कुठे आहे हे दाखविणारा एकही पक्षी आता तिथे नव्हता. गवतात त्याने पुष्कळ शोधले. ते सगळीकडेच वाऱ्याने हलत होते.

मामा उठून उभे होते. धोतरावरचे गवत झटकत ते पाळीकडे आले.

"काहून ओरडला गा?" त्यांनी विचारले. रागाने नव्हे. "सारे उडवले ना."

परतीच्या दोन कोसांत ताराचंद त्यांच्या पुढे चालला. एकदाही त्याने मागे वळून त्यांच्या पावलांकडे पाहिले नाही, आणि मागून येणारी पावले ऐकू येऊ नयेत म्हणून सबंध वाट तो मोठ्याने बोलत राहिला.

७

प्रबंधिकेत त्याने मामांचे आकडे घेतले नाहीत. चालणारा माणूस आजारी पडल्यामुळे मालिका अपूर्ण राहिली, असे लिहिले, आणि स्वतःच्या चालण्याचे आकडे दिले. परीक्षकांनी नेटकेपणाची प्रशंसा केली.

मामा आजारी नव्हते. पुढच्या वर्षी थंडी पडू लागल्यावर तो गेला तेव्हा ते पूर्वीपेक्षा ठणठणीत दिसले. खोकला गेला होता. मामीने सांगितले की वर्षभरात मागावर धागा तुटला म्हणून ते एकदाही थांबले नाहीत. त्याला पाहून त्यांनी पाठीवर हात ठेवला, नागपूरची विचारपूस केली, नवी नोकरी लागल्याबद्दल पेढे मागितले. तलावावर मात्र आले नाहीत. जे पाहायचे होते ते पाहून झाले, असे म्हणाले.

म्हणून तो एकटा गेला. पट्टकादंब आले होते. पाळीवर बसून त्याने दुर्बीण डोळ्यांना लावली. पलीकडच्या काठावर, पांढरा धोंडा आणि पळसाचा बुंधा यांच्या मधोमध, पक्ष्यांनी जागा सोडली होती.

तो वळसा घालून तिथे गेला. पक्षी उठले आणि लांब जाऊन बसले. ताराचंद गवतात बसला, मध्यावर नव्हे, मध्याच्या जरा डावीकडे, जसा तो लहानपणी मामांच्या शेजारी बसत असे. थोड्या वेळाने तो बोलू लागला. नोकरीचे सांगितले, खोलीवर आता सोबती आहे ते सांगितले, या वर्षी तुतवार उशिरा आले हे सांगितले. मग ओरडल्याबद्दल क्षमा मागितली. वाट पाहिली. ऊन वाढले, आणि तो उठला.

घरी पोहोचला तेव्हा मामी चुलीपाशी होती आणि आत माग चालू होता, एकसारखा. मामीने दाराकडे पाहिले, हात परातीत तसेच ठेवले, आणि इतक्या हलक्या आवाजात विचारले की त्याला तिच्याजवळ खाली बसावे लागले.

"तू शिकलेला आहे, बापू. तू तं तिथे होता. हे तेच आहेत ना गा?"

मोजलेले नाही ते सांगू नये, हे त्याच्या अंगी मुरले होते. तिच्या हातांवरचे पीठ वाळत चालले होते.

"हौ, मामी," तो म्हणाला. "तेच आहेत."

तिने मान हलविली, आणि परात पुढे ओढली.

जेवताना मामा त्याच्या शेजारी बसले. आपल्या ताटातली भाकर मोडून त्यांनी अर्धी त्याच्या ताटात ठेवली आणि खा म्हणाले, प्रेमाने. वरच्या वाशात चिमण्या स्वस्थ बसल्या होत्या. ताराचंदने भाकर खाल्ली. प्रत्येक घासागणिक त्याच्या मनात एकच येत होते, की पलीकडच्या काठावर आता ऊन तापले असेल, आणि आज आपण तिकडे भाकरही न घेता, रिकाम्या हातांनी गेलो.